पायाच्या अंगठ्याला हात लागलाच पाहिजे का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : पत्रलेखक ४४ वर्षांचे आहेत, पुण्यात राहतात, नोकरी हिंजवडीत. सहा वर्षांपासून हौसेनं धावतात. मंगळवार, गुरुवार, शनिवार आणि रविवार मिळून आठवड्याला ३५ ते ४० किलोमीटर. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन दोनदा पूर्ण केली, गेल्या वेळी २ तास १२ मिनिटांत. मांडीच्या मागच्या शिरा कायम आखडलेल्या वाटतात, म्हणून रनिंग ग्रुपमधल्या मित्राच्या सांगण्यावरून त्यांनी सोसायटीजवळचा सकाळचा योगवर्ग लावला. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे सहा आठवडे गेले. "साठीच्या काकू सहज वाकायच्या आणि माझे हात नडगीच्या पुढे जात नव्हते. बाईंनी पावलाला अडकवून धरायचा पट्टा दिला, मी घेतला नाही. जोर लावून ताणत राहिलो." शवासनाच्या वेळी ते उठून ऑफिसला निघायचे. आता डाव्या नितंबाखाली, बसायच्या हाडाशी दुखतं. गाडी चालवताना जास्त. वर्ग सोडला. मग पिलाटीसच्या, म्हणजे चटईवर किंवा स्प्रिंगच्या यंत्रावर सावकाश करायच्या व्यायामाच्या, स्टुडिओत एक चाचणी वर्ग केला. सगळ्यात हलक्या स्प्रिंगवर पाय थरथरले, पण बरं वाटलं. फी मात्र योगवर्गाच्या पाचपट. सांगलीचे वडील पन्नास वर्षं रोज २४ सूर्यनमस्कार घालतात. ते म्हणतात, "घरचं सोडून जर्मन माणसाचा व्यायाम कशाला?" पत्रलेखकांचा प्रश्न : योग की पिलाटीस? आणि लवचिकता वाढली तर धावणं सुधारेल ना? धावण्याचा एकही दिवस सोडायची तयारी नाही. सातारा पाच महिन्यांवर आहे.

नमस्कार,

तुमच्या पत्रात धावण्याबद्दल दीड पान आहे, दुखण्याबद्दल चार ओळी आणि पट्ट्याबद्दल एकच. त्या एका ओळीकडे मी परत येणार आहे. आधी दुखण्याचं बघू, कारण ते साताऱ्याची वाट बघत थांबणार नाही.

बसल्यावर ज्या हाडावर भार येतो नेमकं तिथे, एका बोटानं दाखवता येईल असं दुखतं. पुढे वाकलं की झोंबतं. गाडीत अर्धा तास बसलं की वाढतं. धावताना सुरुवातीला जाणवतं, मग मोकळं झाल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत हजर. मी डॉक्टर नाही, व्यायामशिक्षिका आहे. पण हे वर्णन धावणाऱ्यांच्या आणि योगवर्गात जाणाऱ्यांच्याही तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की एक शंका बोलून दाखवते. मांडीचा मागचा स्नायू, ज्याला आपण ग्रुपमध्ये हॅमस्ट्रिंग म्हणतो, तो बसायच्या हाडाला एका चिवट दोरीनं बांधलेला असतो. ती दोरी म्हणजे कंडरा. गुडघे ताठ ठेवून कंबरेतून खोल वाकलं की ही कंडरा त्या हाडावर ताणली जाते आणि दाबलीही जाते. एरवी तिला याचं काही वाटत नाही. पण आठवड्यातून तीन दिवस, सहा आठवडे, जोर लावून, आणि त्याच पायांनी गुरुवारी चढ पळून? मग ती कुरकुरायला लागते.

म्हणजे बहुधा हे दुखणं ताणणं कमी पडल्यामुळे आलेलं नाही, ताणल्यामुळे आलंय. मागे वळून पाहाल तर दुखायला लागल्यावर तुम्ही आणखी ताणलं असणार. शीर आखडली की ताणायची, हे आपल्याला शाळेच्या मैदानापासून शिकवलं गेलंय.

धावणाऱ्यांना नेहमी तपासणाऱ्या एखाद्या फिजिओथेरपिस्टला किंवा अस्थिरोगतज्ज्ञांना या आठवड्यातच दाखवा. मुंग्या, बधिरपणा किंवा कळ गुडघ्याच्या खाली पावलापर्यंत जात असेल, खोकल्यावर-शिंकल्यावर पायात चमक उठत असेल, तर मूळ कंबरेच्या मणक्यात असू शकतं. तेव्हा आठवड्याचीही वाट पाहू नका.

तपासणीत कंडराच निघाली, तर पुढचे चार ते सहा आठवडे पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन आणि गुडघे ताठ ठेवून पुढे वाकण्याचं जे जे काही असेल ते बंद. वीरभद्रासनाचा तिसरा प्रकारही, ज्यात एका पायावर उभं राहून धड पुढे आडवं करतात, तोही तूर्त नको. त्याऐवजी पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचला, म्हणजे सेतुबंध. ३० ते ४५ सेकंद धरा, मग सोडा. असं पाच वेळा. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसाइतकंच असलं पाहिजे. वाढलं तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा. दोन-तीन आठवड्यांनी एका पायावर. कंडरा सावकाश सुधारते, स्नायूपेक्षा कितीतरी सावकाश. तिला महिने लागतात आणि तिला घाई कळत नाही. सपाटीवर हळू धावायला बहुतेकदा हरकत नसते. चढ आणि वेगाचे दिवस मात्र तूर्त बाजूला ठेवा.

आता तुमच्या प्रश्नाकडे. "लवचिकता वाढली तर धावणं सुधारेल ना?" तुम्ही हे इतक्या खात्रीनं लिहिलंय की उत्तर माहीत असल्यासारखंच वाटतं. पण ही खात्री कुठून आली?

काही आठवडे नियमित ताणल्यावर हात जे चार बोटं पुढे जायला लागतात, ते मुख्यतः स्नायू लांब झाला म्हणून नसतं. ताण सहन करायची तयारी वाढलेली असते. 'पुरे' असं सांगणारा मेंदूचा इशारा थोडा उशिरा येतो. हे वाईट नाही, उलट अंग मोकळं वाटतं, पण त्यानं शीर 'उघडते' ही समजूत मात्र खरी नाही. दुसरं म्हणजे अंगठ्याला हात लागणं हे काही अंशी हाडांच्या मापावरही ठरतं. हात लांब आणि पाय आखूड असलेल्याला ते लवकर जमतं, त्यात त्याचं कर्तृत्व थोडंच असतं. आणि तिसरं, सावकाश लांब पल्ला धावायला मांडीचा मागचा स्नायू तुमच्या नडगीपर्यंतच्या वाकण्यापेक्षा जास्त लांब असावाच लागतो असं नाही. काही अभ्यासांत तर थोडे ताठ धावपटू त्याच वेगाला कमी प्राणवायू वापरताना दिसले, कारण ताठ स्प्रिंग जास्त शक्ती परत देते. याचा अर्थ ताणू नका असा नाही. बेतानं ताणल्यानं तुमचं धावणं बिघडणार नाही. फक्त त्याच्याकडून जे मागताय, ते त्याच्याकडे नाही.

इजा टाळण्याचंही तसंच. २०१४ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २५ चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता. सव्वीस हजारांहून जास्त खेळाडू होते त्यांत. नुसत्या ताणण्यानं इजा कमी झाल्याचं दिसलं नाही. ताकदीच्या व्यायामानं मात्र त्या एक तृतीयांशापेक्षाही खाली आल्या. दरवर्षी नव्या धावणाऱ्यांना मी हे सांगते आणि दरवर्षी ते मान डोलावून रस्त्याकडेच्या कठड्यावर पाय टाकून ताणायला लागतात.

एक हिशेब करून बघा. २ तास १२ मिनिटं, मिनिटाला साधारण १६५ पावलं. म्हणजे जवळजवळ २२ हजार पावलं, एकेका पायाच्या वाट्याला अकरा हजार. प्रत्येक वेळी तुम्ही एकाच पायावर उतरता आणि तो पाय तुमच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार झेलतो. साताऱ्यात पहिला अर्धा भाग यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच परत उतरायचा. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू लांब होता होता ब्रेक लावत असतात. तुम्हाला सोळाव्या किलोमीटरला ज्या मांड्या भरून आल्या, त्या आखडल्यामुळे नव्हे, ब्रेक लावून लावून थकल्यामुळे. 'आखडलंय' असं वाटणं आणि 'कमी पडतंय' असं असणं, आतून दोन्ही सारखीच जाणवतात. थकलेला किंवा अशक्त स्नायूही ताठ झाल्यासारखा वाटू शकतो. अशा स्नायूला ताकद लागते, आणि आपण त्याला ओढत बसतो.

म्हणून योग की पिलाटीस हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. तुम्हाला त्या तासातून काय हवंय, हे ठरलं की उत्तर आपोआप निम्मं मिळतं. तुमच्या पत्रावरून मला तीन गरजा दिसतात. एका पायावर उभं असताना कंबर न डुलणं, दिवसभर खुर्चीत दुमडलेला खुब्याचा पुढचा भाग मोकळा होणं, आणि शरीराला थांबायला मिळणं. यात अंगठा कुठेच नाही.

पट्ट्याकडे येते.

बाईंनी पट्टा दिला, तुम्ही घेतला नाही. का, ते तुम्ही लिहिलं नाही, पण त्याच ओळीच्या आधी काकू आहेत. सहा वर्षं धावणारा, घाट चढणारा माणूस शेवटच्या रांगेत, आणि पुढे साठीच्या बायका घडी घालाव्यात तशा वाकतायत. तिथे पट्टा घेणं म्हणजे सगळ्यांसमोर हरल्याचं कबूल करणं, असं वाटलं असणार. मला ते फार आतून समजतं. पण त्या काकू तिथे किती वर्षं येतायत हे तुम्हाला माहीत आहे का? आणि त्यांना तुमच्याबरोबर यवतेश्वर चढायला सांगितलं तर? धावणं हा एक अभ्यास आहे आणि वाकणं हा दुसरा. एकात सहा वर्षं काढल्यानं दुसऱ्यात प्रवेश मिळत नाही. तिथे तुम्ही पहिल्या दिवसाचे विद्यार्थी होतात आणि ते मान्य करायला मन तयार नव्हतं. तुमच्या कंडरेनं त्याची किंमत दिली.

आणि हा पट्टा आला कुठून, तेही सांगते, कारण तो तुमच्याच गावाचा आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले तेव्हा अठरा वर्षांचे होते. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय असं सगळं झालेलं, अंगात ताकद नाही. म्हैसूरला मेहुण्यांकडे, म्हणजे कृष्णमाचार्यांकडे, ते योग शिकले आणि इथे डेक्कन जिमखान्यावर शिकवायला लागले. सगळ्यांची शरीरं सारखी नसतात हे त्यांना स्वतःच्या शरीरानं शिकवलं होतं. विटा, पट्टे, दोर, लोड, खुर्च्या हे सगळं त्यांनी आणलं ते आसन माणसाच्या मापाचं व्हावं म्हणून. १९७५ साली मॉडेल कॉलनीत त्यांची संस्था उभी राहिली आणि पुण्यातून हे पट्टे जगभर गेले. ज्याचा हात पोचत नाही फक्त त्याच्यासाठीच पट्टा केला, असं नाही. पट्टा तुमचा पाठीचा कणा सरळ ठेवतो, म्हणजे ताण कंबरेत न जाता जिथे जायला हवा तिथे जातो. अनुभवी साधकही तो वापरतात.

आता वडिलांचं. त्यांच्या रागामागे प्रेम आहे, ते तुम्हालाही कळतं. त्यांना एक गोष्ट सांगा. सूर्यनमस्कार शाळाशाळांत आणि घराघरांत नेण्याचं मोठं काम १९२० च्या दशकात औंध संस्थानच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी केलं. हे औंध पुण्यातलं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं. याच भवानरावांनी त्याआधी कित्येक वर्षं युजेन सँडोच्या पद्धतीनं, त्याची साधनं मागवून व्यायाम केला होता. सँडो हा प्रशियात जन्मलेला मल्ल. म्हणजे वडील ज्या नमस्कारांवर पन्नास वर्षं उभे आहेत, त्यांच्या सर्वांत मोठ्या प्रचारकानंही एका जर्मन माणसाचा व्यायाम आधी मनापासून करून पाहिला होता. त्यानं त्यांचं मराठीपण कमी झालं नाही.

जोसेफ पिलाटीसची गोष्टही अय्यंगारांच्या गोष्टीच्या जवळची आहे. जन्म १८८३, जर्मनीत. लहानपणी दमा आणि मुडदूस. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये जर्मन म्हणून त्याला छावणीत डांबलं, आणि तिथे त्यानं इतर कैद्यांना व्यायाम शिकवायला सुरुवात केली. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी खाटेच्या स्प्रिंगा वापरल्या असं सांगितलं जातं. १९२६ साली न्यूयॉर्कला गेल्यावर दुखापत झालेले नर्तक-नर्तकी त्याच्याकडे यायला लागले. आपल्या पद्धतीला त्यानं नाव दिलं होतं काँट्रॉलॉजी, म्हणजे नियंत्रणाचं शास्त्र. एक मुलगा पुण्याला आला, दुसरा न्यूयॉर्कला गेला, दोघंही आजारी लेकरं. दोघांनी आपापल्या शरीराकडे इतकं बारीक पाहिलं की त्यातून इतरांसाठी रस्ता झाला.

हलक्या स्प्रिंगवर तुमचे पाय थरथरले ते याच नियंत्रणामुळे. रिफॉर्मरवर, म्हणजे स्टुडिओतल्या त्या स्प्रिंगच्या यंत्रावर, हलकी स्प्रिंग म्हणजे सोपा व्यायाम असं नेहमी नसतं. आधार कमी झाला की कंबर जागेवर ठेवायचं काम तुमच्याकडे येतं. बाजूचा खुबा, पोटाचे आतले थर, नितंब ही सगळी मंडळी धावताना तुमची कंबर सरळ ठेवतात, आणि ती दमली की गुडघा आत झुकतो, पाठ वाकते. पिलाटीसमध्ये त्यांना हळू, मोजून, श्वासाबरोबर काम करावं लागतं. धावणाऱ्यासाठी हे सोन्यासारखं आहे. पण तेवढ्यानं भागत नाही. पोटऱ्यांसाठी जिन्याच्या पायरीवर टाचा वरखाली करणं आणि मांड्यांसाठी वजन घेऊन बैठका, हे त्याच्या जोडीला लागतंच. बैठका वडिलांकडून शिका, त्यांना आवडेल.

फीचं मी स्पष्ट सांगते. पाचपट पैसे महिनोन्महिने देण्याची गरज नाही. पिलाटीसचे मूळ व्यायाम मोठ्या प्रमाणात नुसत्या चटईवर होतात. यंत्र शिकायला सोपं करतं, कारण ते चूक लगेच दाखवतं. शक्य असेल तर आठ-दहा वर्ग घ्या, शक्यतो लहान गटात. तुमच्या दुखण्याला कोणते व्यायाम चालतील ते लिहून घ्या, ते नीट जमतात की नाही हे शिक्षकाकडून पक्कं करा, आणि मग घरी चटईवर आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस मिनिटं. दोन महिन्यांनी एखादा वर्ग चुका तपासायला. पैसे अडचणीचे असतील तर तेवढ्या वर्गांचीही सक्ती नाही. फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले पाच व्यायाम नेमानं केलेत तरी साताऱ्याला पुरतील.

आता दिवसांचं बोलू, आणि इथे मी जरा हट्ट करणार आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, रविवार धावणं. सोमवार, बुधवार, शुक्रवार योग. बोटांवर मोजा. सात झाले. सहा आठवडे तुमच्या शरीराला एकही दिवस सुट्टी नव्हती आणि तुम्ही तो योगाचा तास विश्रांतीत धरला होता. जोर लावून ताणणं विश्रांतीत धरता येत नाही. पहिले सहा आठवडे शनिवारचं धावणं बंद करा. शुक्रवारही पूर्ण मोकळा, म्हणजे सलग दोन दिवस पायांना मिळतील. रविवारच्या लाँग रननंतर सोमवारी हळुवार योग, बुधवारी पिलाटीस किंवा चटईचा व्यायाम, मंगळवार-गुरुवार सपाटीवर सावकाश. सहा आठवड्यांनी कंडरा शांत असेल तर आधी शनिवार परत येऊ द्या आणि मग दोन आठवड्यांनी गुरुवारचा चढ. दोन्ही एकदम आणू नका, नाहीतर परत दुखलं तर कशानं दुखलं ते कळणार नाही. मला माहीत आहे, शनिवार सोडायचा म्हणजे ग्रुपमधला चहा सुटतो. धावू नका, चहाला जा.

सोमवारच्या योगात काय मागायचं? खुब्याचा पुढचा भाग मोकळा करणारी आसनं, जसं एक पाय मागे टाकून गुडघा टेकवलेली स्थिती किंवा वीरभद्रासनाचा पहिला प्रकार. तोलासाठी वृक्षासन, मांड्यांसाठी उत्कटासन. अधोमुख श्वानासन, म्हणजे हात-पाय जमिनीवर टेकवून कंबर वर उचलायचं आसन, करायला सांगितलं तर गुडघे बिनधास्त वाकवा. आणि शवासन. त्याच्याबद्दल तुम्ही अर्धीच ओळ लिहिलीय, 'ऑफिसला निघायचो', पण मला वाटतं तुम्हाला वर्गातला सगळ्यात उपयोगी भाग तोच होता आणि तोच तुम्ही सोडलात. सावकाश, लांब सोडलेल्या श्वासानं हृदयाची गती उतरते. दिवसभर स्क्रीन, मग गाडी, मग घड्याळावर पेस बघत धावणं, यात काही न मोजता पडून राहायला तुम्हाला कधी मिळतं? शवासनात मोजायला काही नसतं, म्हणूनच ते तुम्हाला जड गेलं असावं. वर्गाची वेळ ऑफिसमुळे जुळत नसेल तर दुसरी वेळ शोधा, पण शेवटची सात-आठ मिनिटं कापू नका.

शिक्षक निवडण्याबद्दल मला नावापेक्षा माणूस महत्त्वाचा वाटतो, आणि त्याला कारण आहे. तिशीत मी रोज धावायचे तेव्हा एका वर्गात पश्चिमोत्तानासनात असताना शिक्षकांनी न विचारता पाठीवर गुडघा टेकवून दाबलं. काहीतरी तुटल्यासारखं झालं. मी ओरडले नाही, 'थांबा' म्हणाले नाही. मोठ्या माणसाला कसं सांगायचं, एवढंच मनात होतं. मला तीन महिने धावता आलं नाही. आजही सांगताना मला त्यांच्यापेक्षा माझ्या गप्प बसण्याचं वाईट वाटतं. म्हणून आता मी सगळ्यांना सांगते, वर्ग लावण्याआधी जाऊन बघा. जे शिक्षक पहिल्या दिवशी तुमच्या जुन्या दुखण्यांबद्दल विचारतात, हात लावण्याआधी परवानगी घेतात आणि एकाच आसनाचे दोन-तीन पर्याय देतात, त्यांच्याकडे जा. 'दुखलं तरच फायदा' म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. आणि तुमच्या त्या बाईंबद्दल सांगू? त्यांनी पट्टा दिला होता. मला तरी त्या चांगल्या शिक्षिका वाटतात. मी तुमच्या जागी असते तर नवा वर्ग शोधण्याआधी त्यांच्याकडे परत जाऊन खरं काय झालं ते सांगितलं असतं.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी थोडं. बॅडमिंटन खेळणाऱ्यांनी खांद्याचा आणि मनगटाचा विचार आधी करावा. एकामागून एक जलद नमस्कार घालणारे वर्ग दुखऱ्या मनगटाला सोसत नाहीत. सायकलवाल्यांची पाठ आधीच तासनतास पुढे वाकलेली असते, त्यांना भुजंगासनासारखी मागे वाकायची आसनं जास्त कामाची. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर पिलाटीसमधले पाठ गोल करून उठायचे व्यायाम आणि योगातलं खोल पुढे वाकणं टाळा, ते मणक्याला धोक्याचं असतं. काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर डोकं खाली जाणारी आसनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. बाळंतपणानंतर परतणाऱ्या मैत्रिणींनी पोटाच्या व्यायामांआधी ओटीपोटाच्या स्नायूंची तपासणी करून घ्यावी. आणि ज्यांची अंगं मुळातच खूप लवचिक आहेत, वर्गात ज्यांचं कौतुक होतं, त्यांना माझं विशेष सांगणं आहे. तुम्हाला आणखी ताणायची गरज सगळ्यात कमी आहे. तुम्ही ताकद करा.

धावण्याच्या दिवशी, धावण्याआधी, लांबलचक ताणत उभं राहू नका. एका स्नायूला मिनिटाहून जास्त ओढून धरलं की त्याचा जोर थोडा वेळ कमी होतो. पाच-सात मिनिटं चालणं, गुडघे उचलणं, पाय पुढेमागे झुलवणं पुरे.

सोमवारी वर्गाला गेलात तर आत शिरताना पट्टा स्वतःहून उचला, बाईंनी द्यायची वाट पाहू नका. आणि पुढच्या वेळी सांगलीला जाल तेव्हा पहाटे वडिलांच्या शेजारी चटई टाका. २४ नको, सहा नमस्कार, तेही कंडरा शांत झाल्यावर आणि पादहस्तासनात गुडघे वाकवून. ते काहीतरी बोलतील. त्यांना विचारा, अगदी पहिल्या वर्षी त्यांचे स्वतःचे हात कुठपर्यंत पोचायचे. उत्तर आलं की मला कळवा, मला खरंच ऐकायचंय.